राज्यघटना बदलण्याची रीतच बदलायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहते, तिला नुकतंच नागरिकत्व मिळालं आहे. ती म्हणते, 2023 मध्ये तिथे राज्यघटना दुरुस्त करायला साध्या बहुमताऐवजी साठ टक्के मतं लागावीत असा प्रस्ताव होता आणि लोकांनीच तो पाडला. मला हे उलटं वाटलं. घटना काय रोज बदलायची वस्तू आहे? आपल्याकडे दोन तृतीयांश लागतात. मग निम्म्यापेक्षा एक मत जास्त पडलं की घटना बदलते, हे धोक्याचं नाही का?"

मी गेली बावीस वर्षं ओहायोत वकिली करतो. काम मुख्यतः नगरपालिका, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि निवडणुकीच्या कायद्यांचं. प्रस्ताव मतदानाला आणण्यासाठी लोक सह्या गोळा करतात, त्या सह्यांच्या वह्या तपासण्यात माझे कित्येक उन्हाळे गेले आहेत, त्यामुळे उत्तर लांबेल. तुमची शंका रास्त आहे, हे आधी सांगतो. साठ टक्क्यांची अट मुळातच वाईट असते असं माझं मत नाही. पण घटनादुरुस्तीची रीत बदलायचा प्रस्ताव समोर आला की मी आकड्याकडे शेवटी बघतो. आधी बघतो की अट कुणावर बसते आहे, ती कधीपासून लागू होणार आहे, आणि जो नियम दुसऱ्यांना लावायचा आहे तो स्वतःला लावून हा प्रस्ताव पास झाला असता का. ओहायोचा प्रस्ताव या तिन्ही ठिकाणी कच्चा होता.

काय घडलं ते बघू. ओहायो राज्याची स्वतःची घटना 1851 ची. 1912 साली घटना परिषद भरली, थिओडोर रूझवेल्ट तिथे भाषणाला आले होते, आणि परिषदेने सुचवलेल्या 42 दुरुस्त्यांवर त्याच वर्षी 3 सप्टेंबरला लोकांनी मतदान केलं. बायकांना मताधिकार देणारी दुरुस्ती त्या दिवशी पडली, याचं मला आजही वाईट वाटतं. पण एक मोठी गोष्ट मंजूर झाली. विधिमंडळाला न विचारता, सह्या गोळा करून घटनादुरुस्ती थेट मतपत्रिकेवर आणायचा अधिकार सामान्य मतदाराला मिळाला. त्या दुरुस्तीला पडलेली मतं होती साधारण 57 टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तेव्हापासून 2023 पर्यंत नागरिकांनी आणलेल्या 71 दुरुस्त्या मतदानाला गेल्या आणि त्यांतल्या 19 मंजूर झाल्या. म्हणजे शंभरेक वर्षांत चारातली जेमतेम एक. साधं बहुमत म्हटलं की कुणीही उठावं आणि घटना बदलावी असं चित्र डोळ्यांपुढे येतं, पण प्रत्यक्षात माणसं न कळलेल्या प्रस्तावाला 'नको' म्हणतात. मतदान केंद्राबाहेर लोकांशी बोलताना हे मी वर्षानुवर्षं ऐकतो: "नीट समजलं नाही, म्हणून नाही म्हटलं." साध्या बहुमतातला हा अदृश्य अडसर आकड्यांच्या चर्चेत कुणी धरत नाही.

2023 च्या 10 मे रोजी विधिमंडळाने प्रस्ताव मंजूर केला. खालच्या सभागृहात 62 विरुद्ध 37. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, पुढची कुठलीही घटनादुरुस्ती मंजूर व्हायला 60 टक्के मतं. दोन, सह्या 88 पैकी 44 काउंट्यांऐवजी सगळ्या 88 काउंट्यांमधून, प्रत्येक काउंटीत गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या किमान 5 टक्के. तीन, सह्या कमी भरल्या तर आणखी जमा करायला मिळणारी दहा दिवसांची मुदत रद्द. मतदान 8 ऑगस्टला. लोकांनी सुमारे 57 विरुद्ध 43 टक्क्यांनी तो फेटाळला. ऐन उन्हाळ्यात, एवढ्या एकाच प्रश्नासाठी, तीस लाखांहून अधिक माणसं मताला आली. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही पक्षांचे चार माजी गव्हर्नर विरोधात उभे होते. म्हणून याला नुसती पक्षाची लढाई म्हणता येत नाही.

बातम्यांत साठ टक्क्यांचा गाजावाजा झाला. माझ्या मते खरी मेख दुसऱ्या कलमात होती, सह्यांच्या. कारण मतपत्रिकेपर्यंत पोचलात तर साठ की पन्नास हा प्रश्न.

सह्या कशा गोळा होतात ते जवळून सांगतो. आधी हजार सह्या घेऊन दुरुस्तीचा सारांश अॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे जातो; तो खरा आणि न्याय्य आहे का हे ते बघतात. मग मतपत्रिका मंडळ ठरवतं की ही एकच दुरुस्ती आहे की दोन-चार एकत्र बांधल्या आहेत. त्यानंतर खरी पायपीट. गव्हर्नरच्या निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या 10 टक्के सह्या लागतात. 2022 नंतरचा आकडा 4,13,487. प्रत्येक वहीत एकाच काउंटीच्या मतदारांच्या सह्या चालतात. शाईनेच. वहीच्या शेवटी सह्या घेणाऱ्याने लिहून द्यायचं असतं की या वहीत इतक्या सह्या आहेत आणि त्या माझ्यासमोर झाल्या.

आता डब्लिन घ्या, तुमच्या मुलीला माहीत असेल, कोलंबसला लागूनच आहे आणि आपली पुष्कळ मंडळी तिथे राहतात. हे एक गाव तीन काउंट्यांत पसरलं आहे: फ्रँकलिन, डेलावेअर आणि युनियन. वाचनालयाबाहेर टेबल मांडून बसलात तर येणाऱ्या प्रत्येकाला विचारावं लागतं, "काउंटी कोणती?" आणि निम्म्यांना पटकन सांगता येत नाही. तीन वह्या पुढ्यात, माणूस घाईत, मूल रडतंय, आणि सही चुकीच्या वहीत पडली की गेली.

एका मोहिमेत एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे वही घेऊन आल्या. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. शेवटी त्यांनी लिहिलं होतं 27. मी मोजल्या तर 28. शेवटची सही त्यांच्या यजमानांची. बाई निघता निघता त्यांनी केली आणि आकडा आधीच लिहून झाला होता. लिहिलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी असला तर नियमाने अख्खी वही बाद होते. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. त्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसती वही मिटली. हा प्रसंग मी कनिष्ठ वकिलांना सांगतो, कारण कागदावरच्या एका वाक्याची किंमत माणसांच्या किती संध्याकाळी असते हे पुस्तकांतून कळत नाही.

म्हणून मोहिमा लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त सह्या आणतात. 2023 साली गर्भपाताच्या हक्काच्या दुरुस्तीसाठी सात लाखांवर सह्या दाखल झाल्या, त्यांतल्या 4,95,938 वैध ठरल्या. तीनात एक सही गळते असं धरून चालावं लागतं.

अशा परिस्थितीत 44 काउंट्या आणि 88 काउंट्या यांतला फरक दुपटीचा नसतो. 44 मध्ये एखादी काउंटी हुकली तर दुसरी घेता येते. 88 म्हणजे सगळ्या. एकही हुकली की संपलं. विंटन ही ओहायोची सगळ्यात लहान काउंटी, 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 12,800. तिथे 5 टक्के म्हणजे दोनशेच्या आसपास सह्या. बाकीच्या 87 काउंट्यांत लाखो सह्या वैध ठरल्या आणि विंटनमध्ये दहा कमी पडल्या तर सगळी मोहीम बाद, आणि ते दहा मिळवायला पूर्वीसारखी दहा दिवसांची मुदतही नाही. प्रस्तावाच्या बाजूने सांगितलं जात होतं की यामुळे ग्रामीण भागाला आवाज मिळेल. ग्रामीण भागाला आवाज मिळावा असं मलाही मनापासून वाटतं. निम्म्या काउंट्यांची अट 1912 पासून त्यासाठीच तर आहे. पण प्रत्येक काउंटीच्या हातात नकाराधिकार देणं ही निराळी गोष्ट झाली. शिवाय 88 ठिकाणी एकाच वेळी पगारी माणसं उभी करणं श्रीमंत कंपनीला परवडतं. शिक्षिकाबाईंसारख्या स्वयंसेवकांवर चालणारी मोहीम तिथेच मोडते. म्हणजे ज्या धनदांडग्यांना रोखायचं म्हणून अट घातली, तेच तेवढे आत शिरणार.

आकड्यांची बेरीज चुकली तर काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मिसिसिपीचं आहे. तिथे 1992 मध्ये नागरिकांना घटनादुरुस्ती सुचवायचा अधिकार मिळाला. एकाच भागाने बाजी मारू नये म्हणून घटनेत अट घातली: काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, कुठल्याही एका मतदारसंघातून एकूण सह्यांच्या एक पंचमांशापेक्षा जास्त सह्या धरायच्या नाहीत. तेव्हा मतदारसंघ पाच होते. वीस पंचे शंभर. हिशेब चोख. 2000 च्या जनगणनेनंतर राज्याचा एक मतदारसंघ कमी झाला, चार उरले. आता प्रत्येकातून जास्तीत जास्त वीस टक्के धरले तर बेरीज ऐंशी होते. शंभर कधीच होत नाही. वर्षानुवर्षं याकडे काणाडोळा करून काम चाललं. मग 2020 च्या नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय गांजाची दुरुस्ती लोकांनी मोठ्या बहुमताने मंजूर केली, एका महापौरांनी मतदानाच्या काही दिवस आधीच तिला आव्हान दिलं होतं, आणि 2021 च्या मेमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की घटनेत लिहिलंय ते लिहिलंय. ती दुरुस्ती तर गेलीच, पण तिच्यासोबत लोकांचा दुरुस्ती सुचवायचा अधिकारही बंद पडला, कारण चार मतदारसंघांतून पाच पंचमांश कुणीच आणू शकत नाही. निकालाशी मी कायद्याच्या अंगाने भांडू शकत नाही. पण घटनेत आकडा लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचलं पाहिजे.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे, आपल्याकडच्या दोन तृतीयांशांकडे. अनुच्छेद 368 मधले दोन तृतीयांश कुणाचे? संसदेत हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांचे, आणि त्यासोबत एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही हवं. भारतात घटनादुरुस्तीवर तुम्ही-आम्ही कधी मतदान केलेलं नाही. ते विशेष बहुमत म्हणजे प्रतिनिधींना घातलेला लगाम आहे. लोकांनी आपल्याला पाच वर्षांसाठी पाठवलंय, तेवढ्यात घर पाडून दुसरं बांधू नका, असा त्याचा अर्थ. ओहायोतले साठ टक्के हा मालकालाच घातलेला लगाम होता. दोन्ही ठिकाणी शब्द 'विशेष बहुमत' हाच, पण तो कुणाच्या गळ्यात पडतो ते वेगळं. अमेरिकेत डेलावेअर सोडून बाकी 49 राज्यांत विधिमंडळाने आणलेली दुरुस्तीही शेवटी लोकांच्या मताला जावी लागते. ओहायोत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांना आधी तीन पंचमांश बहुमत लागतं, आणि प्रतिनिधींसाठी ते योग्यच आहे.

रीत बदलण्याची रीत कशी असावी, याचा विचार आपल्याकडे मात्र फार चांगला झालेला आहे. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत तरतुदींचे तीन गट समजावून सांगितले होते: साध्या बहुमताने बदलता येणाऱ्या, दोन तृतीयांश लागणाऱ्या, आणि ज्यांना त्यावर निम्म्या राज्यांची संमतीही हवी अशा. अनुच्छेद 368 स्वतः या तिसऱ्या गटात आहे. म्हणजे दुरुस्तीची रीत बदलायची तर सगळ्यात अवघड वाटेनेच जावं लागेल. 1976 मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने 368 मध्येच भर घालून घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या या अधिकाराला मर्यादा नाही असं लिहून टाकलं होतं. 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. बहुमताचं निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांचं. मर्यादित अधिकार वापरून तोच अधिकार अमर्याद करून घेता येत नाही, हे त्यातलं सूत्र मी ओहायोच्या वकिलांनाही समजावून सांगितलं आहे.

आणि भारतात स्वतःची राज्यघटना असलेलं एकच राज्य होतं, जम्मू-काश्मीर. 26 जानेवारी 1957 पासून ती पूर्ण लागू झाली, 2019 मध्ये संपली. तिच्या कलम 147 मध्ये दुरुस्तीची रीत होती: प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश. पण काही कलमांना हातच लावायचा नाही असंही तिथे म्हटलं होतं. राज्य भारताचा अविभाज्य भाग आहे असं सांगणारं कलम 3 त्यांत होतं, आणि खुद्द कलम 147 ही. दुरुस्तीची रीत बदलायला दारच ठेवलं नव्हतं. इतकं टोक गाठावं असं मी म्हणणार नाही. पण घटना लिहिणाऱ्यांना कळलं होतं की सगळ्यात जास्त जपायचं कलम हेच.

ओहायोत ते सगळ्यात स्वस्तात बदलायला काढलं होतं. वेळ बघा. जानेवारी 2023 मध्ये त्याच विधिमंडळाच्या कायद्याने ऑगस्टच्या बहुतेक विशेष निवडणुका बंद झाल्या होत्या, कारण त्या महागात पडतात आणि फारसं कुणी मतदानाला येत नाही. चार महिन्यांनी घटना बदलायच्या प्रश्नासाठी तोच ऑगस्ट निवडला गेला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. विधिमंडळाला तसा अधिकार आहे असं 4 विरुद्ध 3 मतांनी ठरलं. ऑगस्टच का, तर नोव्हेंबरमध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती मतदानाला येणार होती आणि साठ टक्क्यांचा नियम ताबडतोब लागू व्हायचा होता. सह्यांचे नियम मात्र 2024 पासून. प्रस्तावाच्या बाजूच्या नेत्यांनी हा हेतू लपवलाही नव्हता. नोव्हेंबरमध्ये ती दुरुस्ती 56.8 टक्के मतांनी मंजूर झाली. ऑगस्टचा निकाल उलटा लागला असता तर तेवढी मतं मिळूनही ती पडली असती.

गर्भपाताबद्दल तुमचं मत काहीही असो, माझं म्हणणं बदलत नाही. सामना अर्ध्यावर आला असताना सीमारेषा सरकवायची नसते. साउथ डकोटातही हेच झालं होतं. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गरिबांसाठीच्या मेडिकेड या आरोग्य योजनेचा विस्तार मतदानाला येणार होता, आणि त्याआधी जूनमध्ये कर किंवा मोठा खर्च वाढवणाऱ्या प्रस्तावांना साठ टक्के लागावेत अशी दुरुस्ती विधिमंडळाने आणली. साउथ डकोटा हे काही डावं राज्य नाही. तरीही दोन तृतीयांश मतदारांनी जूनमध्ये 'नाही' म्हटलं, आणि नोव्हेंबरमध्ये विस्तार 56 टक्क्यांनी मंजूर केला. मतदारांना वेळेचं राजकारण कळतं, एवढा माझा अनुभव आहे.

आता तो 57 चा आकडा. लोकांना हा अधिकार देणारी 1912 ची दुरुस्तीच साठच्या अटीत बसली नसती. फ्लोरिडाने 2006 मध्ये घटनादुरुस्तीसाठी साठ टक्क्यांची अट आणली. ती दुरुस्ती मंजूर झाली 57.8 टक्के मतांनी. म्हणजे स्वतःच्या कसोटीवर ती स्वतःच नापास झाली असती. 2024 मध्ये गर्भपाताच्या दुरुस्तीला तिथे 57 टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडली आणि ती नामंजूर ठरली. अठरा वर्षांच्या अंतराने जवळजवळ तितकीच मतं. एकदा नियम बदलायला पुरली, दुसऱ्यांदा पुरली नाहीत. कोलोरॅडोने 2016 मध्ये 55 टक्क्यांची अट आणली तेव्हा तिला स्वतःला 55.7 टक्के पडली. थोडक्यात का होईना, पण ती आपल्याच उंबरठ्यावरून आत आली. म्हणून त्या दुरुस्तीतल्या सह्यांच्या तरतुदी मला जड वाटल्या तरी, 55 या आकड्याबद्दल मी आदरानेच बोलतो.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 2023 मध्ये नेमकं हेच तत्त्व घटनेत घालायचा ठराव केला: मताची अट वाढवणाऱ्या प्रस्तावाने आधी तेवढी मतं स्वतः मिळवून दाखवायची. तत्त्व म्हणून मला ते पूर्ण पटतं. साठ टक्के शहाणपणाचे असतील तर त्याची खात्री साठ टक्के लोकांना पटवून द्या.

मग साध्या बहुमतात काहीच दोष नाही का? आहे, आणि ओहायोत तो मी स्वतः बघितला. 2009 मध्ये कॅसिनोची दुरुस्ती 53 टक्क्यांनी मंजूर झाली. चार शहरांत चार कॅसिनो, आणि ते कुठल्या जमिनीवर उभे राहतील ते त्या जमिनींच्या कर-नोंदणी क्रमांकांसकट घटनेत लिहिलेलं. सातबाऱ्यावरचा गट नंबर राज्यघटनेत छापावा तसं. कोलंबसच्या लोकांना ठरलेली जागा नको होती, तर जागा हलवायला पुढच्याच वर्षी, 2010 च्या मेमध्ये, राज्यभर पुन्हा मतदान घेऊन घटना दुरुस्त करावी लागली. हा घटनेचा अपमान आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. अलाबामाची 1901 ची घटना अशीच गावोगावच्या बारीकसारीक कलमांनी फुगून नऊशेवर दुरुस्त्यांपर्यंत गेली. तुमच्या मनातली भीती अशा गोष्टींची असेल तर ती खोटी नाही.

पण त्यावर ओहायोनेच एक नेमका उपाय काढला होता. 2015 मध्ये एका गटाने गांजाची लागवड ठरावीक दहा जागांपुरतीच ठेवणारी दुरुस्ती आणली. त्या जागा अर्थातच पैसे लावणाऱ्यांच्या. त्याच मतपत्रिकेवर विधिमंडळाने दुसरी दुरुस्ती ठेवली: कुणाला मक्तेदारी देणारा प्रस्ताव आला तर मतदारांना दोन वेगळे प्रश्न विचारायचे, मक्तेदारी द्यायची का आणि प्रस्ताव मान्य आहे का, आणि दोन्हींना 'हो' आलं तरच मंजूर. मक्तेदारीविरोधी दुरुस्ती जेमतेम 51 टक्क्यांनी पास झाली, गांजाची दणदणीत आपटली. रीत बदलण्याचं हे मला माहीत असलेलं सगळ्यात सभ्य उदाहरण. रोग कुठे आहे तिथेच औषध. आणि बघा, साठ टक्क्यांची अट तेव्हा असती तर हे औषधसुद्धा मिळालं नसतं.

दुसरा उपाय लोकांना घटनेकडे यायची गरज कमी करण्याचा. माणसं घटनादुरुस्तीच्या मागे का लागतात? ओहायोत सह्या गोळा करून साधा कायदाही आणता येतो, त्याला सह्या कमी लागतात. पण तो कायदा विधिमंडळ दुसऱ्या दिवशी बदलू शकतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मोहिमेला मी हे सांगतो, आणि प्रत्येक जण तेच म्हणतो: मग एवढे कष्ट करून कायदा कशाला, घटनाच बदलू. अॅरिझोनाने 1998 मध्ये यावर तोड काढली. लोकांनी केलेला कायदा विधिमंडळाला रद्द करता येत नाही. बदलायचा तर तीन चतुर्थांश मतं हवीत आणि बदल मूळ हेतूला धरून हवा. असं संरक्षण ओहायोत कायद्याला दिलं आणि त्या बदल्यात घटनादुरुस्तीसाठी 55 टक्के मागितले, तर मी स्वतः त्याच्या बाजूने प्रचाराला उतरेन. एक हात घेताना दुसऱ्या हाताने काही दिलं तर लोक ऐकतात. 2023 मध्ये देण्याचा हात रिकामा होता.

कोलोरॅडोच्या मसुद्यातली एक ओळही घेण्यासारखी आहे. घटनेत नवीन काही घालायला 55 टक्के, पण आधीचं कलम नुसतं काढून टाकायचं असेल तर साधं बहुमत पुरे. कारण उंबरठा वाढवला की काल साध्या बहुमताने आत गेलेली कलमं आज कुलूपबंद होतात. ओहायोत साठ टक्के लागू झाले असते तर 53 टक्क्यांनी घुसलेले ते कॅसिनोचे गट नंबर काढायला साठ टक्के लागले असते. घटना स्वच्छ ठेवण्याच्या नावाखाली कचराच पक्का झाला असता. मसुदा करताना ही गोष्ट सगळ्यात आधी सुचायला हवी, आणि नेमकी तीच सुटते.

साधं बहुमत म्हणजे मोकळं रान नव्हे याचा पुरावा ओहायोनेच 2024 मध्ये पुन्हा दिला. मतदारसंघ आखायचं काम राजकारण्यांकडून काढून नागरिकांच्या आयोगाकडे द्यावं अशी दुरुस्ती आली. मी तिच्या बाजूने होतो. भरपूर पैसा होता, भरपूर सह्या होत्या, पन्नास टक्क्यांचीच अट होती. तरी ती पडली. मला वाईट वाटलं, पण निकाल लोकांचा होता.

तुमच्या मुलीला पुढेमागे असा प्रस्ताव पुन्हा मतपत्रिकेवर दिसेल, कारण हा विषय संपलेला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मिसूरीच्या विधिमंडळाने एक दुरुस्ती लोकांच्या मताला पाठवली आहे: नागरिकांनी सह्यांनी आणलेली घटनादुरुस्ती मंजूर व्हायची तर राज्याच्या आठही काँग्रेस मतदारसंघांत तिला बहुमत मिळालं पाहिजे. विधिमंडळाने स्वतः आणलेल्या दुरुस्त्यांना ही अट नाही. तिला कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायला सांगा. आठही मतदारसंघांत सारखं मतदान झालं असं धरा. एका मतदारसंघातली निम्मी माणसं विरोधात गेली की प्रस्ताव पडला. एक अष्टमांशाचा निम्मा, म्हणजे राज्यातले सव्वासहा टक्के मतदार उरलेल्या पावणेचौऱ्याण्णव टक्क्यांना थांबवू शकतात. आणि हा नियम स्वतः मंजूर व्हायला आठ मतदारसंघ लागत नाहीत. राज्यभरात निम्म्यापेक्षा एक मत जास्त पडलं की पुरे.